हातभर लांब शब्द

सेस्क्विपिडेलियन. अर्थ: लांबलचक शब्द, किंवा ते वापरायची खोड असलेला. गमतीदार इंग्रजी शब्दांच्या याद्या 'सेस्क्वि म्हणजे दीड, पेद म्हणजे पाय' एवढं सांगून थांबतात. खरी मजा त्या दीडातच आहे, आणि 'पाय' तर साफ चूक.

लॅटिन सेमिस म्हणजे अर्धा. त्याच्या शेपटीला क्वे, म्हणजे 'आणि'. हा क्वे संस्कृत 'च'चा सख्खा भाऊ. दोघेही शब्दाच्या मागेच लागतात. झिजून झालं सेस्क्वि: 'आणि अर्धा'. आधीचा एक बोलायचाच नाही, तो धरूनच चालायचा. आपण 150 वर्षांना सार्धशती म्हणतो, तिथेही एक असाच गिळलेला. इंग्रजीत तिलाच सेस्क्विसेंटेनिअल म्हणतात. (लॅटिन सेक्स म्हणजे सहा, त्याचा इथे काही संबंध नाही.)

आता पेद. इथे तो शरीराचा पाय नाही, मापाचा फूट आहे. शब्द मुळात बांधकामातला. दीड फुटाची रोमन वीट सेस्क्विपेदालिस, दोन फुटांची बिपेदालिस. इ.स.पू. 55 मध्ये सीझरने ऱ्हाईन नदीवर पूल बांधला, त्याच्या वर्णनात दीड फूट जाडीच्या लाकडांनाही हेच विशेषण आहे. रोमन फूट साधारण 29.6 सेंटिमीटरचा, दीडपट केला की 44.4, म्हणजे बरोब्बर एक रोमन हात.

हे विटा-वाशांचं माप रोमन कवी होरेसने 'आर्स पोएतिका' या काव्यकलेवरच्या कवितेच्या 97व्या ओळीत शब्दांना लावलं: नाटकातला राजा कंगाल होऊन परागंदा झाला, की त्याने 'सेस्क्विपेदालिया वेर्बा' टाकून द्यावेत, तरच त्याचं रडगाणं प्रेक्षकाच्या काळजाला भिडेल. म्हणून 'दीड पायांचे शब्द' हे भाषांतर लंगडं. 'हातभर लांब शब्द' म्हणा. अर्थही बसतो, मापही.

रसायनशास्त्रात मात्र सेस्क्वि अजून काटेकोर दीडच आहे. टर्पीन म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांतली संयुगं. मोनोटर्पीनमध्ये कार्बनचे 10 अणू, सेस्क्विटर्पीनमध्ये 15. चंदनाच्या तेलातलं सँटॅलॉल या दुसऱ्या घराण्यातलं.

आणि रोमन नाणं सेस्टर्शियस? सेमिस अधिक टर्शियस, 'तिसरा अर्धा': दोन पुरे, तिसरा निम्मा, म्हणून मूळ किंमत अडीच आस (आस हेही रोमन नाणंच). आपला अडीचही अर्धतृतीयातून असाच आलाय. अर्धचतुर्थातून औट, म्हणजे साडेतीन. घटका 24 मिनिटांची, तेव्हा औट घटकेच्या राजाला 84 मिनिटं मिळतात.