एका हाताची घडी, तोंडावर बोट

दुकानातल्या पोराने बाबागाडी एका हाताने मिटली. दुसऱ्या हातात त्याचा फोन होता आणि फोनवर तो कुणाला तरी दुकानाचा रस्ता समजावत होता. मधेच त्याचं बोट कुठल्याशा कळीवर गेलं, खट्ट झालं, आणि ते चारचाकी धूड त्याच्या पायाशी शहाण्या कुत्र्यासारखं बसलं. "वन हँड फोल्ड, सर," फोनवर हात ठेवून तो म्हणाला. "करून बघा."

मी करून बघितलं. दोन्ही हात लावले, मग गुडघा लावला, शेवटी हनुवटीही कामाला लावली. पुढची चाकं आत गेली, मागची जागची हलेनात. खाली बसता बसता उंटाचा विचार बदलावा, तशी गाडी मधेच थांबली. बायको शेजारच्या झुलत्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. तिला सातवा महिना होता, त्यामुळे कुठल्याही दुकानातल्या कुठल्याही खुर्चीवर तिचा जन्मसिद्ध हक्क होता. तिने आपली पर्स माझ्या डाव्या हातात दिली.

"हे बाळ आहे असं समज. रडतंय. आता मीट."

मी उजव्या हाताने कळ दाबली, पायाने दांडी रेटली, कंबरेने धक्का दिला. खट्ट झालं! गाडी मिटली! मी विजयी मुद्रेने वर बघितलं. ती खाली बघत होती. तिथे पर्स होती.

"पडलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसती नोंद होती.

बाबागाडी या शब्दातला बाबा म्हणजे बाळ, असं मी आजवर समजत आलो होतो. त्या दिवशी कळलं की शब्द केव्हापासून इशारा देत होता, आपणच झोपेत होतो. बाळ त्यात नुसतं पडून असतं. घाम येतो तो बाबाला.

आमची मूळ कल्पना फार साधी होती. चार चाकं, एक आसन, वर टप, झालं. पोराने विचारलं, "सर, नुसता स्ट्रोलर हवाय की ट्रॅव्हल सिस्टीम?" नाव ऐकून मला वाटलं, सोबत रेल्वेचं वेळापत्रकही मिळत असावं. मग उलगडा झाला. एकच सांगाडा. त्याच्यावर आधी कॅरीकॉट बसतो, म्हणजे आडवं झोपायची टोपली. बाळ बसायला लागलं की टोपली काढून आसन लावायचं. आणि कारमधून उतरल्यावर कारसीट, म्हणजे कारमध्ये बाळाला बसवायचं सुटं आसन, उचलून त्याच सांगाड्यावर बसवायची. या तिघांचं आपसात जमावं म्हणून अ‍ॅडॉप्टर नावाचे दोन प्लास्टिकचे ठोकळे असतात. ते काडेपेटीपेक्षा जरासेच मोठे असतात, वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात हरवतात. आमचे तिसऱ्या दिवशी हरवले आणि फ्रीजवर सापडले. तिथे ते कुणी ठेवले, यावर अजून एकमत नाही.

एवढ्या भानगडी कशाला, असं मी विचारणार होतो, पण बायको वाचून आली होती. नवजात बाळाची मान धरलेली नसते. त्याला बसतं केलं की डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते, आणि आधीच काडीएवढी असलेली श्वासाची वाट दबते. म्हणून सुरुवातीचे साधारण सहा महिने, आधाराशिवाय बसता येईपर्यंत, बाळ सपाट झोपलेलं बरं. कारमधला न्याय मात्र वेगळा. तिथे ते थोडं रेललेलं आणि कारच्या मागच्या काचेकडे तोंड करून हवं. कारण बाळाच्या उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं. समोरून धडक बसली तर ते डोकं मानेला हिसका देणार. तोंड मागे असलं की तो धक्का अख्ख्या पाठीवर वाटला जातो. युरोपात २०१३ साली आलेल्या आर-१२९ नियमाने तर निदान पंधरा महिन्यांचं होईपर्यंत मूल उलटंच बसवायचं असं ठरवून टाकलं. आणि समोर एअरबॅग चालू असेल, तर त्या सीटवर उलटी कारसीट कधीही लावायची नाही. हे तिने मला तीनदा सांगितलं, आणि चौथ्यांदा माझ्याकडून वदवून घेतलं.

इथे एक गंमत आहे. ट्रॅव्हल सिस्टीम विकताना ही पोरं एकच प्रसंग रंगवतात. बाळ कारमध्ये झोपलंय, तुम्ही अलगद कारसीट उचलता, सांगाड्यावर ठेवता, खट्ट, आणि बाळ झोपलेलंच! ऐकून डोळ्यांत पाणी येतं. पण त्याच कारसीटच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की बाळाला यात फार वेळ झोपू देऊ नका. सर्वसाधारण सल्ला दोन तासांचा, आणि अगदी तान्ह्याला त्याहूनही कमी. म्हणजे ज्या खटक्यासाठी आपण खिसा रिकामा करतो, तो वाजवायचा जपून. मी हे पोराला म्हटलं. तो म्हणाला, "रंग कोणता बघू सर?"

एका हाताच्या घडीचंही तसंच निघालं. गाडी एका हाताने मिटते, हे खरं. फक्त त्याआधी कॅरीकॉट काढावा लागतो. कॅरीकॉट काढायला दोन हात लागतात. आणि काढलेला कॅरीकॉट ठेवायचा कुठे, तर त्यात बाळ आहे. हा पेच मी पोरासमोर मांडला तेव्हा त्याने प्रथमच फोन खिशात ठेवला. बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, तोपर्यंत मॅडम धरतील ना." मॅडमनी खुर्ची झुलवायची थांबवली. विषय तिथेच मिटला. एका हाताने.

रात्री घरी मी या घडीच्या मुळाशी जायचं ठरवलं. झोप येत नसली की मी कशाच्याही मुळाशी जातो. बाबागाडीच्या कुळाचा आरंभ बहुतेक जण १७३३ सालात दाखवतात. विल्यम केंट नावाच्या इंग्रज कलावंताने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी बनवली. ती ओढायला बकरी किंवा तट्टू जुंपायचं. बायकोला सांगितलं तर ती अर्धवट झोपेत म्हणाली, "बकरीला निदान मिटावं लागत नाही." पुढे १८८९ साली अमेरिकेत विल्यम रिचर्डसनने टोपली फिरवायची युक्ती काढून तिचं पेटंट घेतलं. बाळाने रस्त्याकडे बघायचं की ढकलणाऱ्याकडे, हे ठरवायची सोय झाली. आमच्या गाडीतही ती आहे. माझं तोंड दिसलं की आमची कन्या जांभई देते.

पण माझा खरा माणूस भेटला तो १९६५ मध्ये. ओवेन मॅकलारेन. निवृत्त विमान अभियंता. लढाईच्या काळात स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाकं आत ओढून घेणाऱ्या यंत्रणेवर त्याने काम केलं होतं. नातीच्या अवजड गाडीचे हाल बघून त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. वजन तीन किलोच्या आत! म्हणजे दुपारी माझ्या गुडघ्याला जे लागलं होतं, त्याचं नातं थेट लढाऊ विमानाशी होतं. मला एकदम बरं वाटलं. लढाऊ विमान पहिल्याच दिवशी कुणाला जमतंय?

दुकानात एक तीनचाकी प्रकारही होता. पुढे एकच मोठं चाक, हवेचे टायर. बाळाला घेऊन धावणाऱ्यांसाठी. १९८४ साली अमेरिकेतल्या एका धावणाऱ्या वार्ताहराने पोराच्या गाडीला सायकलची चाकं लावली, त्यातून हे सगळं निघालं म्हणे. "सर धावता का?" पोराने विचारलं. मी "हो, म्हणजे आता सुरू करणारच..." एवढं म्हणालो असेन. झुलत्या खुर्चीतून जे हसू आलं ते पुढचे दोन ग्राहक वळून बघेपर्यंत थांबलं नाही. आपण गाडी बाळासाठी बघतोय असं वाटतं, पण बघत असतो ती उद्याच्या स्वतःसाठी. पहाटे उठणारा, पोट आत असलेला, मुलीला घेऊन बागेत धावणारा मी, मला त्या तीनचाकीमागे अगदी स्पष्ट दिसला होता. तो दुकानातच राहिला.

नातेवाइकांचं थोडक्यात सांगतो. सासरे म्हणाले, आम्ही दोन्ही मुलं खांद्यावर वाढवली. आई म्हणाली, काळी घेऊ नका, तापते. हे एकच वाक्य त्या महिनाभरात कामाचं निघालं. मावशीला फोनवर बाबागाडी ऐकू आलं नाही, तिने पांगुळगाड्याचे सात फोटो पाठवले.

मग मोजमापं. मी लिफ्टचं दार मोजलं, बेडरूमचं मोजलं, डिकी मोजली. पुठ्ठ्यातून मिटलेल्या गाडीचा आकार कापला आणि तो डिकीत घालून बघितला. तो बसला नाही. डिकीत आधीपासून एक स्टेपनी, एक पंप आणि 'कुणाला तरी देऊन टाकू' अशा कपड्यांचं गाठोडं होतं. ते गाठोडं गेली चार वर्षं आमच्याबरोबर सगळीकडे हिंडत होतं. त्याला बाहेर काढताना मला उगाच अपराधी वाटलं.

गाडी आली. मजबूत, चार चाकी, चारही चाकांना सस्पेन्शन. त्या सस्पेन्शनवर आमचे जास्तीचे पैसे गेले होते. खडकाळ वाटेवरसुद्धा बाळाला हिसका लागणार नाही, असं पोराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सोबत चौदा भाषांतली माहितीपुस्तिका होती, जाडीला दोन बोटं. त्यात मराठी नव्हती. चित्रांमध्ये एक नाक-डोळे नसलेला माणूस सगळं बरोबर करत होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा नाक-डोळे नसलेला माणूस सगळं चूक करत होता आणि त्याच्यावर फुली होती. मला तो दुसरा जवळचा वाटला. दांडीला पिशव्या लटकवणारा तोच. त्याचं काय होतं ते मी प्रयोगाने ताडून बघितलं. गाडीतलं वजन उचलताक्षणी ती पिशव्यांच्या बाजूला उताणी पडते. फुली योग्य होती.

सरावासाठी मी रात्री दहानंतर गाडी खाली नेऊ लागलो. रिकामी गाडी भरकटते, म्हणून बाळाच्या वजनाचं काहीतरी हवं होतं. शब्दकोशाचे दोन खंड काट्यावर ठेवले, तीन किलोला थोडे कमी भरले. ते कॅरीकॉटमध्ये सपाट ठेवून, वर दुपटं घालून मी फेऱ्या मारत होतो. वळण, ब्रेक, उतार, पुन्हा ब्रेक. चौथ्या फेरीला तळमजल्यावरच्या काकू समोर आल्या.

"अगंबाई, झालं? कळवलंसुद्धा नाहीस!" असं म्हणत त्या वाकल्या. बाळ बघायला वाकणाऱ्या माणसाचा चेहरा आधीच मऊ होतो, तसा त्यांचा झाला होता. तोंडातून 'अले अले' निघालं होतं. मी "काकू, थांबा..." म्हणेपर्यंत त्यांनी दुपटं सरकवलं. दोन्ही खंड शांत झोपले होते. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग अतिशय हळुवारपणे दुपटं परत घातलं, आणि म्हणाल्या, "घरी कुणी मोठं आहे का रे तुमच्याकडे?"

कन्या यथावकाश आली. वजन शब्दकोशापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त. आणि पहिल्याच रात्री कळलं की तिला झोप लागते ती फक्त हिसक्याने. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना जमिनीला एक पट्टी आहे. तिच्यावर कडेवर घेऊन जाताना मी ठेचकाळलो आणि ती गप्प झाली. मागे आलो, रडली. पुन्हा ठेचकाळलो, गप्प. मी लगोलग तिला गाडीत घातलं आणि पट्टीवरून नेलं. काही नाही. लोण्यावरून सुरी फिरावी तशी गाडी गेली. पुन्हा नेली, जोरात नेली. सस्पेन्शनने पट्टी गिळून टाकली. पोर खोटं बोलला नव्हता. जास्तीचे पैसे मोजून आम्ही जी गोष्ट घालवली होती, तीच आमच्या मुलीला हवी होती.

पहाटे तीनला मला ती माहितीपुस्तिका दिसली. मधोमध उघडून पालथी घातली, वर एक चप्पल ठेवली, आणि गाडी त्यावरून नेली. धडक्. कन्येने डोळे मिटले. मागे घेतली. धडक्. मूठ सैल झाली. चौदा भाषांपैकी एकही मला वाचता आली नव्हती, पण पुस्तिका वाया गेली असं म्हणता येणार नाही.

त्याला आता चार महिने झाले. गाडी हॉलमध्येच असते, पुस्तिकेच्या अलीकडे. घरी आणल्यापासून ती एकदाही मिटलेली नाही. दुकानातल्या पोराचा परवा फोन आला होता. "सर, फोल्डिंग जमतंय ना आता?" त्याने विचारलं. पण मला बोलता येत नव्हतं. एक हात दांडीवर होता, आणि आवाज ऐकून बायको दारात आली होती, म्हणून दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर.