‘रिफ-रॅफ’ हा माहितीपट नव्हे

ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांचा ‘रिफ-रॅफ’ (१९९१) हा लंडनमधल्या बांधकामावर चोरून टिपलेला माहितीपट आहे, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हा कथापट आहे आणि पटकथा बिल जेसी यांची.

गल्लत होते, कारण त्यातलं जगणं उसनं नाही. जेसी स्वतः बांधकामावर राबलेले; चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच ते वारले. त्यातला लॅरी हा कामगार साकारणारे रिकी टॉमलिन्सन मूळचे गिलावा करणारे कारागीर. १९७२ च्या बांधकाम कामगारांच्या संपातील निदर्शनांवरून त्यांना दोन वर्षांची कैद झाली होती. तो निकाल अपील न्यायालयाने रद्द केला थेट २०२१ मध्ये! चित्रपटात परांचीवरून कामगार कोसळतो, तो प्रसंग मात्र अभिनयच आहे. ‘खरा मृत्यू’ म्हणून कृपया तो पुढे पाठवू नका.