ठकीचा एसी

आमच्या घरात पालींबद्दलचं धोरण तीन पिढ्या एकच होतं: दिसली की केरसुणी. आजोबांच्या काळी शिंदीची होती, आता प्लास्टिकचा झाडू आहे, एवढाच बदल. बायकोनं स्वयंपाकघराच्या खिडकीत अंड्याची टरफलं टांगलीत, हॉलमधल्या ट्यूबलाइटशेजारी मोरपीस चिकटवलंय. ट्यूबमागे राहणारी पाल रोज संध्याकाळी साडेसातला बाहेर येते आणि मोरपिसावर पाय ठेवून किडे टिपते.

अशा घरात गेल्या मार्चमध्ये मुलीनं पुण्याहून पाल आणली. एसटीनं, मांडीवर डबा घेऊन. शेजारच्या आजींनी डब्यात काय आहे विचारलं तर म्हणाली, ढोकळा. ढोकळ्याच्या डब्याला भोकं कशाला, हे त्यांना कराड ओलांडेपर्यंत सुचलं नसावं.

"बाबा, दोनच महिने," ती म्हणाली. होस्टेलवरची मैत्रीण शिकायला परदेशात चालली होती. "आणि ही पाल नाहीये. क्रेस्टेड गेको आहे."

"मराठीत काय म्हणतात?"

तिनं थोडा विचार केला. "तुरेवाली पाल."

"म्हणजे पालच."

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मालाला नाव काहीही दिलं तरी पोत्यात काय आहे ते मला कळतं.

खरी भीती आईची होती. आईचं माहेर बत्तीस शिराळा. नागपंचमीला जिथं एके काळी जिवंत नाग पुजले जायचे, ते. पुढे वन्यजीव कायदा आला, कोर्ट आलं, ते चित्र बदललं. पण आईच्या लहानपणी पंचमीच्या आधी नागाचं मडकं ओसरीवर असायचं आणि ती शेजारी बसून गजगे खेळायची. नाग तिच्या लेखी माहेरचा माणूस. तीच बाई पाल दिसली की पंचाहत्तराव्या वर्षी चप्पल न घालता दोन मजले उतरते.

डबा उघडल्यावर तिनं दारातूनच वाकून पाहिलं. "आरं, ह्यापरीस नाग आणला असता तर पुजला तरी असता."

आता वस्तू कशी होती ते सांगतो. बोटाएवढी लांब, रंग जरा जास्त भाजलेल्या चपातीचा. दोन्ही डोळ्यांवरून निघून पाठीवर उतरणारी काट्यांची बारीक झालर, तोच तुरा. डोळ्यांवर ते काटे थेट पापण्यांच्या केसांसारखे दिसतात. शास्त्रीय नावातलं 'सिलिएटस' त्यावरूनच आलंय. गंमत म्हणजे हिला पापण्याच नाहीत. केस आहेत, पापण्या नाहीत. मग डोळ्यात धूळ गेली की काय करायचं? तर जीभ बाहेर काढायची आणि डोळा चाटायचा. पहिल्यांदा तिनं हे केलं तेव्हा बायको कणीक मळत होती. तिनं परात उचलली आणि बेडरूममध्ये जाऊन उरलेली कणीक मळली.

मुलीनं इतिहासही सांगितला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया नावाचं फ्रेंच बेट आहे, ही तिथली. 1866 मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञानं हिचं वर्णन लिहिलं, नंतर ही जात नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते. 1994 मध्ये एका वादळानंतर ती पुन्हा सापडली. शंभरावर वर्षं भल्याभल्यांना हुलकावणी दिलेला प्राणी. माझ्या घरात तो दुसऱ्याच दिवशी सापडेनासा झाला.

झालं असं की पाणी फवारताना मी पेटीचं दार उघडं ठेवलं. मिनिटभरच, फोन घ्यायला. पेटी उंच, पाऊणएक मीटरची, आत वेली आणि बुचाच्या झाडाची साल. ही मंडळी झाडावर राहणारी, त्यांना लांबीपेक्षा उंची लागते. मला वाटलं पानाआड असेल. रात्री अकरा वाजता कळलं की पानाआड कुणी नाही. हिच्या तळव्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात, त्यावर ती काचेवरही चालते. शेपटीच्या टोकालाही तशीच चिकट गादी. म्हणजे पाच पायांचंच जनावर. सोफा उलटा केला, फ्रिज ओढला, गव्हाच्या डब्यामागे टॉर्च मारला. आई पलंगावर पाय वर घेऊन बसून दिशा सांगत होती.

सापडली भिंतीवर टांगलेल्या पंचांगावर. आता पंचांगात पल्लीपतनाचं प्रकरण असतं: पाल अंगावर कुठं पडली की काय फळ. आईला ते पाठ आहे. पण पंचांगकर्त्यांनी पाल आपण होऊन पडते एवढंच गृहीत धरलंय. स्टुलावर चढून तिला पकडायला जाणारा गाढव त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. मी हात टाकला. पाल उडी मारून पडद्यावर गेली. शेपटी माझ्या हातात राहिली.

हातात राहिली हेही खरं नाही. ती वळवळत खाली पडली आणि फरशीवर नाचू लागली. एकटी. पालीविना. आईनं कृष्ण कृष्ण म्हणत डोळे मिटले, एक डोळा किलकिला ठेवून. बायको म्हणाली, "अहो, ही जिवंत आहे का ती?" प्रश्न बरोबर होता. सगळी हालचाल शेपटीकडे होती, पाल पडद्यावर फोटोसारखी चिकटलेली.

मुलीला रात्री बाराला फोन केला. म्हटलं, काळजी करू नको, परत येईल. आपल्या पालींची येतेच की. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "हिची येत नाही, बाबा." घरच्या पालीची शेपटी पुन्हा उगवते, या जातीची एकदा गेली की गेली. रानात या जातीच्या पूर्ण वाढलेल्या बऱ्याच पाली बिनशेपटीच्याच असतात, तिचं काही अडत नाही, असं तिनंच मग मला समजावलं. तरी सकाळी मी एका जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. "शेपटी तुटली," म्हटलं. ते म्हणाले, "दाव्यात अडकली होती का?" मी "पाल आहे" म्हणालो. ते म्हणाले, "साहेब, मी म्हशीवर आलोय, नंतर बोलू."

त्या दिवसापासून आईचं मन पालटलं. का ते सांगता येत नाही. शेपटी गेल्यावर ती पाल दिसेनाशी झाली असेल. मागून बेडकासारखी दिसते. "लंगडं झालं बिचारं," म्हणाली, आणि तिचं नाव ठकी ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या काकू कांचीपुरमला देवळातल्या सोन्याच्या पालीला हात लावून आल्यात, त्यांना स्पर्श केला की पालीचा दोष जातो असं आईचं मत. रोज सकाळी त्या जिन्यात भेटल्या की आई त्यांच्या हाताला हात लावायची आणि मग ठकीच्या खोलीत शिरायची. काकूंना वाटलं, फार माया करतात.

खाण्याचं सोपं निघालं. फळांची तयार पावडर येते, एक भाग पावडर, दोन भाग पाणी. दिसायला नाचणीची पेज. एक दिवसाआड संध्याकाळी बाटलीच्या झाकणात घालून वर टांगायची, दुसऱ्या रात्री उरलेली काढायची. आईचा त्यावर विश्वास नव्हता. तिनं तासगावचा बेदाणा सुचवला, मग साखरेचं पाणी, मग "झुरळं काय कमी हायती का घरात?" झुरळं चालत नाहीत, कारण आपणच त्यांच्यावर औषध मारतो. किडे द्यायचे तर विकतचे, तेही कॅल्शियमच्या पुडीत घोळवून, लाटीला पिठी लावतो तसे. नाहीतर हाडं मऊ पडतात. आमच्या लहानपणी आम्हाला कॅल्शियम कुणी दिलं नाही, हे मी एकदा बोललो. आई म्हणाली, "तू कुठं काचंवर चालत हुतास?"

दुकानात बातमी पोचायची ती पोचली. संध्याकाळी तिला हातात घ्यायचं तर हात स्वच्छ लागतात, आणि माझे हात वर्षाचे तीनशे दिवस पिवळे. मी साबण लावून कोपरापर्यंत घासायला लागलो. शेठनी पाहिलं. "काय दिवाणजी, पालीला हळद लागायला नको म्हणून का? पण लग्नाचं वय झालं असंल की तिचं."

हे मात्र भलतंच खरं ठरलं. मे महिन्यात मुलगी आली, तिनं ठकीला उलटं धरून शेपटीच्या खुंटाखाली पाहिलं आणि जाहीर केलं की तिथं फुगवटा आहे, म्हणजे नर आहे. ठकीचा ठकोजी झाला. आईनं ते मानलं नाही. "माझ्यासाठी ठकीच," म्हणाली. मीही तेच म्हणतो, सवय झाली.

पण खरा छळ एप्रिलनं मांडला. ठकीला बावीस ते सव्वीस अंश लागतात. अठ्ठावीसच्या वर ती कासावीस होते, त्याहून चढलं तर जिवावर बेततं. आणि सांगलीचा एप्रिल म्हणजे चाळीसला टेकलेला. आमच्याकडे एसी एकच, गेल्या वर्षी हप्त्यानं घेतलेला, आमच्या बेडरूममध्ये. घरातला नियम होता: रात्री दहा ते बारा, मग पंखा. वीस वर्षं घाम गाळून मी तो एसी कमावला. तो ठकीकडे गेला. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी जरा उतरलं की बंद. सुट्टीच्या दुपारी मी हॉलमध्ये फरशीवर ओला टॉवेल टाकून झोपायचो आणि दारापलीकडे दोन तोळ्यांचा प्राणी पंचवीस अंशात पानावर पहुडलेला असायचा. दिवसभर झोपतो तो, ते वेगळंच. रात्रीच जागा होतो.

एका दुपारी वीज गेली. एक वाजता गेली, तीन वाजता विचारलं तर "काम चालू आहे". खोलीतला काटा अठ्ठावीसवर. मी मुलीच्या सांगण्यावरून पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या, त्या टॉवेलात गुंडाळून पेटीवर ठेवल्या. अर्ध्या तासात त्यांचं कोमट पाणी झालं. मग आई उठली. माळ्यावरून वाळ्याचा जुना पडदा काढला, आजोबांच्या वेळचा, अर्धा उंदरांनी खाल्लेला. बादलीत बुडवला, खिडकीला बांधला, पेटीखाली परात ठेवून शेजारी माठ मांडला, माठाला ओलं पोतं गुंडाळलं आणि ताडाचा पंखा घेऊन समोर बसली. खोलीभर वाळ्याचा वास. काटा सव्वीसवर आला. बाजूचं दमटपणाचं मीटर पन्नासवरून सत्तरला गेलं, म्हणजे ठकीला जे फवारून द्यावं लागतं तेही फुकटात झालं. मुलीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "आज्जीला सांग, एसीपेक्षा भारी."

"तुला एवढी सवय कशी?" मी आईला विचारलं.

"तुला अंगावर पाजत हुते तवा काय एसी हुता?" ती पंखा न थांबवता म्हणाली.

दोन महिने संपले. मैत्रिणीचा मेसेज आला की तिथं थंडी फार आहे, ठकीला तुमच्याकडेच ठेवा. मग मी पहिल्यांदाच विचारलं की ही जगते किती. पंधरा ते वीस वर्षं, मुलगी म्हणाली. मी बोटं मोजली. एसीचे हप्ते त्याआधी संपतील, माझी नोकरीही.

आता आम्ही सगळेच त्या खोलीत झोपतो. मी आणि बायको पलंगावर, आई खाली गादीवर, ठकी वर. रात्री दोनच्या सुमारास ती पेटीत उड्या मारायला लागते, धप, धप. आई झोपेतच "बस की गं" म्हणते. परवा मध्यरात्री हॉलमधून चुकचुक आवाज आला. आईनं गादीवर बोट टकटकवलं, कृष्ण कृष्ण म्हणाली आणि मला उठवलं. "दार लाव रं. गार हवा बाहेर चाललीया. ट्यूबमागची आत यील."

आत आलीच होती. सकाळी डोळे उघडले तर एसीवर एक पाल, चारी पाय पसरून, गारव्यात. बायकोनं दारामागचा झाडू माझ्या हातात दिला आणि पेटीकडे एक नजर टाकली. पेटीचं दार रात्री कुणी लावलं होतं, ते कुणालाच नक्की आठवेना.

"अहो, नीट बघून," ती म्हणाली. "शेपटी असेल तरच हाणा."