टिपूचं ‘असली’ चित्र लंडनला गेलं म्हणे

चार दिवसांत तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला, मामाने तर वेगळा पाठवला, "बघ, तुझा विषय" म्हणून. मजकूर थोडक्यात असा: टिपूने पोलिलूरच्या विजयाचं मोठं चित्र काढून घेतलं, 1799 ला इंग्रजांनी ते लुटून नेलं, 2022 ला लंडनच्या लिलावात सहा कोटींच्या वर गेलं, श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालात आपण तिकीट काढून बघतो ती नुसती नक्कल, आणि नक्कल म्हणजे दोन नंबरचा माल, खऱ्या लढाईचा हुबेहूब पुरावा परदेशात पडलाय.

लिलाव झाला, तेवढं खरंय. बाकीचं बघू.

"लुटून नेलं." भिंत कशी नेणार बाबा? दर्या दौलत 1784 ची, सागवानी महाल, त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर ही लढाई रंगवलीय. 10 सप्टेंबर 1780, कांचीपुरमजवळ इंग्रजांच्या कर्नल बेलीची साधारण 3,800 ची तुकडी हैदर आणि टिपूने पार कापून काढली ती (तेव्हा नाना फडणवीस आणि हैदर एका बाजूला होते, हे आपल्याकडे सोयीने विसरतात). लंडनला विकलं ते कागदावरचं, दहा मोठे ताव, ओळीने लावले की 32 फूट, किंमत आली 6 लाख 30 हजार पौंड. ते आलं कॅप्टन जॉन विल्यम फ्रीझ या मद्रास तोफखान्यातल्या अधिकाऱ्याकडून, टिपू मेल्यावर हा श्रीरंगपट्टणात नेमणुकीवर होता. विकणाऱ्यांनीही ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं म्हणूनच विकलं, टिपूच्या दरबारातलं म्हणून नाही. लूट झालीच नाही असं म्हणत नाहीये हां, टिपूचा लाकडी वाघ लंडनच्या म्युझियममधे आहे ती सरळसरळ लूट, पण प्रत्येक गोष्टीला तोच शिक्का मारला की खरी लूटसुद्धा लोक मनावर घेईनासे होतात.

"भिंतीवरची नक्कल आहे." हे अर्धं खरंय, पण फॉरवर्डवाल्याला वाटतं त्या कारणाने नाही. जुन्या म्हैसूर गॅझेटियरमधे भिंतीची सगळी कुंडली दिलीय: श्रीरंगपट्टणला इंग्रजांचा वेढा पडायच्या आधी टिपूनेच चित्र पुसट करवलं, मग आर्थर वेलस्ली (तोच, असईला मराठ्यांना हरवणारा) तिथे राहायला आला त्याने परत रंगवून घेतलं, नंतर कुणीतरी वरून चुना फासला, आणि 1850 च्या दशकात लॉर्ड डलहौसी आला तेव्हा मूळ चित्र आठवत असलेल्या एका देशी चित्रकाराकडून पुन्हा काढून घेतलं. म्हणजे आठवणीवर! आणि गॅझेटियरवर विश्वास नसेल तर पूर्वेच्या भिंतीकडे जा. तिथे राजेलोकांच्या दरबारांच्या ओळी आहेत, पेशवाही आहे, आणि त्यातच म्हैसूरचा राजा तिसरा कृष्णराज वोडेयार. हा गादीवर आला टिपू मेल्यावर, 1799 ला, पाच वर्षांचं पोर. टिपू स्वतःच्या महालात त्याचा दरबार कसा रंगवून घेईल? मी तिथे गेलो होतो तेव्हा गाईड सगळ्यांना घाईघाईने पोलिलूरकडे नेत होता, या कोपऱ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

आता गंमत बघा, भिंत शेवटची रंगली 1850 च्या दशकात आणि फ्रीझचे कागद त्याच्या बरेच आधीचे. मग जुनं रूप जास्त कुणाकडे शिल्लक असेल, ‘असली’ भिंतीकडे की ‘नकली’ कागदाकडे?

त्यामुळे "दोन नंबरचा माल" हे काही पटत नाही. टिपूच्याच शेवटच्या लढाईवर रॉबर्ट केर पोर्टरने 1800 ला लंडनमधे 120 फुटी चित्र केलं होतं, ते नंतर आगीत गेलं, आज ते कसं होतं हे कळतं ते त्यावरून केलेल्या छापांमुळे. आणि आपल्याकडच्या चित्रकारांना नक्कल ही लाज वाटायची गोष्ट नव्हतीच, चित्रावर पातळ चरबा ठेवून रेघ उतरवायची, रेघेवर टाचणीने भोकं पाडायची, आणि नव्या कागदावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची की खाली ठिपक्यांची लढाई उमटते. दोन नंबरचा माल वेगळा असतो. मी एकदा ऑनलाइन ‘हँडपेंटेड’ म्हणून एक जुनी लढाई मागवली, आला कॅनव्हासवर प्रिंट आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे, घोड्याचा पाय उभा आणि ब्रशची खूण आडवी! भिंग लावलं तर छपाईचे ठिपके स्पष्ट.

राहिला "हुबेहूब पुरावा". चित्रात दारूचा गाडा उडतोय, लाल डगलेवाले चौकोन करून उभे आहेत, घोडेस्वार आत घुसतायत, बेली पालखीत आहे, सगळं एकाच वेळी, आणि टिपू मात्र निवांत गुलाब हुंगतोय. इतक्या धुरात गुलाब कोण हुंगतं? राजा कसा दिसावा ते चित्रकाराने काढलंय. इंग्रजांचंही तेच, टिपूचं प्रेत सापडतानाचं डेव्हिड विल्कीचं प्रसिद्ध चित्र 1839 चं, घटनेनंतर 40 वर्षांनी केलेलं, आणि विल्की हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता.

मामाला हे सगळं पाठवलं. त्याचा रिप्लाय, "वोडेयारचा फोटो काढलास का?" नाही काढला राव, आतमधे फोटो काढू देत नव्हते.