‘नग्न माया’ आणि आल्बाची डचेस: एक खुलासा

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘नग्न माया’चा (‘माया’ म्हणजे नटूनथटून राहणारी माद्रिदची सामान्य घरातली तरुणी) फोटो आणि खाली मजकूर: ‘ही आल्बाची डचेस, गोयाची प्रेयसी, आजचं आल्बा घराणं हिचेच वंशज.’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय.

आधी वंशजांचं. ही कायेताना, स्पेनच्या आल्बा या सरदार घराण्याची १३ वी डचेस, १८०२ मध्ये चाळिशीत वारली. तिला मूलच नव्हतं. (मारिया दे ला लुस ही कृष्णवर्णीय मुलगी तिने सांभाळली होती, गोयाने तिचीही चित्रं काढली.) किताब गेला नातलगाकडे, कार्लोस मिगेल फिट्झ-जेम्स स्टुअर्टकडे. हे घराणं इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स राजाच्या अनौरस मुलापासूनचं. म्हणजे आजचे आल्बा तिच्या गादीचे वारस, पोटचे नव्हेत.

आता चित्र. ‘नग्न माया’ची पहिली नोंद १८०० ची, स्पेनचा पंतप्रधान राहिलेल्या गोदोयच्या घरातली. तेव्हा डचेस हयात होती, म्हणजे ते तिच्या मृत्यूनंतर तिच्या घरातून तिथे आलेलं नव्हतं. गोदोयच्या चित्रांच्या १८०८ च्या यादीत चित्रातली बाई फक्त ‘जिप्सी’ आहे. गोदोयची प्रेयसी पेपिता तुदो हेही एक नाव घेतलं जातं, पण पुरावा त्याचाही नाही.

डचेस बघायचीच असेल, तर न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीतलं १७९७ चं चित्र बघा. काळा पोशाख, बोटातल्या अंगठ्यांवर ‘आल्बा’ आणि ‘गोया’, आणि तिचं बोट रोखलंय वाळूत लिहिलेल्या ‘फक्त गोया’ या अक्षरांकडे. प्रेमाच्या अफवेला खतपाणी इथूनच मिळालं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण हे चित्र गोयाने स्वतःकडेच ठेवलं होतं. ती अक्षरं त्याची इच्छा सांगतात. तिची सांगतात का, हा प्रश्न वेगळा.