आई-वडिलांना अमेरिकेत आणलंत? आता निवांत बसा!

ग्रीन कार्ड आलं ना? अभिनंदन! इथे म्हाताऱ्यांना सगळं फुकट असतं. हे मला एका वाढदिवसाच्या पार्टीत हातात कागदी प्लेट घेतलेल्या जाणकारांनी सांगितलं. "अरे, पाच वर्षं झाली की मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, आपोआप पोस्टाने येतं." मी विश्वास ठेवला. तुम्हीही ठेवा.

आय-८६४ फॉर्मवर, म्हणजे ग्रीन कार्डासाठी द्यायच्या हमीपत्रावर, सही करताना वाचायच्या भानगडीत पडू नका. आईला पोसायची जबाबदारी तुमची, असं तुम्ही त्यात लिहून देता. ती सिटिझन होईपर्यंत किंवा तिच्या खात्यात ४० क्रेडिट्स जमेपर्यंत ही जबाबदारी काही सुटत नाही. ४० क्रेडिट्स म्हणजे दहा वर्षांची नोकरी. आई ७४ची आहे, लागेल कुठेतरी.

तुमची क्रेडिट्स तिला चालत नाहीत. नवऱ्याची चालतात, मुलाची नाही.

एसएसआयची, म्हणजे गरीब वृद्धांना सरकारकडून दर महिन्याला मिळणाऱ्या पैशांची, स्वप्नं मात्र जरूर बघा. १९९६ च्या कायद्यापासून सिटिझनशिप किंवा ती ४० क्रेडिट्स नसतील तर बहुतेक ग्रीन कार्डवाल्यांना ते मिळत नाही. म्हणून सिटिझनशिपची परीक्षा. तिथे ज्येष्ठांना सवलत आहे हो! वय ६५च्या पुढे आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं काढली की फक्त २० प्रश्नांची तयारी करायची, तीही आपल्या भाषेत. आई ६८व्या वर्षी आली असेल तर ८८व्या वर्षी आरामात बसेल.

आणि मेडिकेअरला नाव नोंदवायची तारीख? ती अजिबात लिहून ठेवू नका. आम्ही नव्हती ठेवली. आईचा मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी वेबसाइटवरून घेतलेला खासगी विमा चालू होता, घाई कसली? गेल्या आठवड्यात तिला घेऊन एका सरकारी कचेरीत गेलो. दोन तास टोकन हातात. आईच्या मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी. खिडकीतल्या बाईंचा पहिला प्रश्न : पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं, मग ही बाई नक्की एकच का? दुसरा : जन्मदाखला कुठाय? आता गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेल्या माणसाने जन्मदाखला आणायचा कुठून? मग फोनवर दुभाषा आला, तो हिंदीवाला. आई प्रत्येक वाक्याला "हां हां" करत होती. आणि शेवटी कळलं की मेडिकेअर आपोआप येतच नाही! ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षं राहिलं की ते *विकत* मिळतं. २०२५ चा दर : पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) ५१८ डॉलर, पार्ट बी (डॉक्टरांचा विमा) १८५ डॉलर, दर महिन्याला. नाव नोंदवायला सात महिने असतात. आमचे ते सात महिने संपून वर्ष उलटलं होतं. आता जानेवारी ते मार्चमध्ये या, आणि पार्ट बीच्या हप्त्यावर १० टक्के दंड भरा. किती दिवस? पार्ट बी आहे तोवर!

पार्टीतले जाणकार परवा भेटले. म्हणाले, "नियम बदलला असेल." कशाचा बदललाय डोंबलाचा!

परतताना गाडीत आई म्हणाली, "नको रे ते. मी परत जाते."

पुरे झाला विनोद. चूक सरकारची जितकी, तितकी माझी आणि तुमची. घराचं कर्ज घेताना व्याजाचा पाव टक्का तीन ठिकाणी विचारून ठरवतो आपण, आणि आईच्या विम्यासाठी पार्टीतल्या माणसाचा सल्ला? सीनियर सेंटरमध्ये ६० वर्षांपुढच्या कोणालाही जेवण मिळतं. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टमधून ते चालतं आणि त्याला सिटिझनशिपची अट नाही. माझ्या घरापासून ते सेंटर दहा मिनिटांवर आहे. सहा वर्षांत आईला एकदाही नेलं नाही. ती दिवसभर खिडकीत बसायची आणि मी समजायचो, मजेत आहे.

आईचं ग्रीन कार्ड कुठल्या खणात आहे, हे तरी माहीत आहे का? काढा. त्यावर 'रेसिडेंट सिन्स'पुढे तारीख असते. त्यात पाच वर्षं मिळवा आणि कॅलेंडरवर लिहा. आत्ता, हे वाचता वाचता.