ब्लू कार्डावर नोकरी बदलताना: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण वेळ काढून इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार. जर्मनीत नोकरी बदलताना निवास परवान्याचे काय होते, या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. ब्लू कार्ड म्हणजे प्रामुख्याने उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना; नोव्हेंबर 2023 पासून त्याच्या धारकाला नोकरी बदलण्यासाठी परवानगी लागत नाही, तरीही मी तरुणांना उगाच घाबरवते आहे. परवान्याची कागदपत्रे कंपनीचा एचआर विभागच बघतो. आणि आपल्या पुतण्याने म्युनिकमध्ये वर्षाच्या आत कंपनी बदलली, कोणालाही कळवले नाही, तरी त्याला काडीचाही त्रास झाला नाही. हे तिन्ही मुद्दे इतर अनेकांच्याही मनात असणार, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

परवानगीची अट गेली हे खरेच आहे, आणि लेखात ते नमूदही केले आहे. मात्र पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलली, तर ते आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे परकीय नागरिकांच्या कार्यालयाला, कळवावे लागते. नव्या नोकरीत ब्लू कार्डाच्या अटी पूर्ण होत नाहीत असे आढळल्यास हे कार्यालय तो बदल 30 दिवस रोखून धरू शकते आणि त्या मुदतीत नाकारूही शकते. अटी आपोआप पूर्ण होतात असे आपण गृहीत धरले आहे, आणि नेमके तिथेच माझे आपल्याशी एकमत होत नाही.

समजा, पुण्याहून गेलेल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला 2025 मध्ये वार्षिक 45,000 युरो पगारावर ब्लू कार्ड मिळाले. ब्लू कार्डासाठी लागणाऱ्या किमान पगाराची त्या वर्षीची सर्वसाधारण मर्यादा 48,300 युरो होती. परंतु माहिती तंत्रज्ञान हे मनुष्यबळाच्या तुटवड्याचे क्षेत्र असल्याने त्याला 43,759.80 युरोंची खालची मर्यादा लागू झाली. काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीने त्याला विक्री विभागात 47,000 युरोंची नोकरी देऊ केली. पगार वाढला, घरी पेढे वाटून झाले. पण विक्री हे तुटवड्याचे क्षेत्र नाही, आणि पदवी मिळून तीन वर्षांहून अधिक काळ लोटला असेल तर वरची मर्यादाच लागू होते. म्हणजे वाढलेल्या पगारावरही तो ब्लू कार्डास पात्र राहत नाही. शिवाय ही मर्यादा निवृत्तिवेतन विम्याच्या वर्गणीच्या कमाल मर्यादेशी जोडलेली असल्याने दर जानेवारीत बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आकड्यावर विसंबून राजीनामा देणेही धोक्याचे ठरते.

दुसरे म्हणजे, जर्मनीत नोकरी करणारा प्रत्येक जण ब्लू कार्डावर नसतो. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आयटीआय झालेली आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेली मुलेमुलीही मला प्रश्न विचारतात. त्यांना मिळतो तो बहुधा कुशल कामगाराचा वेगळा परवाना. या परवान्यावर पहिली दोन वर्षे तरी रोजगार विभागाची संमती साधारणपणे ठरावीक मालकाशी बांधलेली असते. प्लास्टिकचे कार्ड दोघांचेही सारखेच दिसते. फरक कळतो तो त्यावरील परवान्याच्या प्रकाराच्या ओळीत आणि सोबत मिळणाऱ्या हिरव्या घडीच्या पुरवणी कागदावर, त्सुझात्सब्लाटवर. कोणत्या कंपनीत काम करता येईल, स्वतंत्र व्यवसाय करता येईल की नाही, हे त्या कागदावर छापलेले असते. आपले ‘आता परवानगी लागत नाही’ हे सरसकट विधान वाचून अशा एखाद्या परिचारिकेने रुग्णालय बदलले, तर तिची नवी नोकरी विनापरवाना ठरू शकते. मला काळजी वाटते ती या मुलांची. म्युनिकमधल्या अभियंत्याला निदान वकील परवडतो.

एचआरविषयी थोडक्यात. नोकरी मुदतीपूर्वी संपली तर कंपनीने ते चार आठवड्यांत कळवायचे असते आणि कर्मचाऱ्याने स्वतः दोन आठवड्यांत. ही दोन स्वतंत्र बंधने आहेत. कंपनीने कळवले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. ज्या कंपनीतून आपण बाहेर पडतो, तिच्या एचआरला आपल्या परवान्याची काळजी वाहण्याचे कारणही उरत नाही.

आता आपल्या पुतण्याविषयी. त्याला त्रास झाला नाही, याचा मला आनंदच आहे. पण अद्याप कोणी विचारले नाही, यावरून सारे नियमानुसार झाले असा निष्कर्ष काढता येत नाही. ब्लू कार्डावर 27 महिने, आणि जर्मन भाषा बी1 पातळीपर्यंत येत असल्यास 21 महिने काम केल्यावर कायमस्वरूपी निवासाचा अर्ज करता येतो. त्या वेळी निवृत्तिवेतन विम्याचा उतारा आणि मालकाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची तारीख असते, उताऱ्यावर कोणत्या काळात किती पगारावर वर्गणी भरली गेली हे असते. न कळवलेला बदल तिथे उघड होतो, आणि तोवर पत्नी, मुले, मुलांची शाळा, घराचा भाडेकरार असे सारे त्या परवान्याच्या आधारावर उभे राहिलेले असते.

त्यामुळे पुतण्याला माझा निरोप द्यावा, ही विनंती. पहिले 12 महिने अजून संपले नसतील, तर त्याने नव्या कंपनीचा करार आणि मालकाकडून भरून घेतलेले नोकरीच्या तपशिलाचे प्रपत्र आपल्या शहरातील कार्यालयाला आजच ईमेलने पाठवावे, आणि त्या ईमेलची प्रत व पोच जपून ठेवावी. उशीर झाला म्हणून गप्प बसू नये. बारा महिने उलटून गेले असतील आणि नवा पगार त्या वर्षीच्या मर्यादेपेक्षा कमी असेल, तर मात्र कोणताही अर्ज करण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला दोन्ही करार दाखवावेत.